अमेरिकेत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग का, आणि तो भार कुणी उचलायचा?

एकट्रक (एडिसन, न्यू जर्सी)

आठवड्यातून दोनदा मी एडिसनहून पिट्सबर्गला किराणा पोचवतो. तांदूळ, तूरडाळ, पोहे, लोणची, सणाच्या आधी गोठवलेले मोदक. ट्रक स्वतःचा आहे, एकच आहे, २६,००० पौंडांच्या आतला आणि डिझेलवर चालणारा. जाऊन येऊन साधारण ६६० मैल होतात. गॅलनला १० मैल धरले तर एका फेरीला ६६ गॅलन डिझेल लागतं.

इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, मी पेट्रोलच लिहितो. २०२२ च्या जूनमध्ये देशभरातलं साधं पेट्रोल सरासरी ५ डॉलरच्या जरा वर गेलं तेव्हा टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. त्याच महिन्यात डिझेल ५.८१ वर होतं. पुढे नोव्हेंबरात पेट्रोल उतरलं, डिझेल मात्र फारसं नाही. गॅलनमागे दीड डॉलरहून जास्त फरक पडला, म्हणजे फेरीला जवळपास १०० डॉलर. आमच्याकडे ११ दुकानं माल घेतात. त्यांना भाव वाढवून सांगायची माझी हिंमत झाली नाही. ते वर्ष कसं काढलं ते मलाच ठाऊक.

माझं म्हणणं असं. डिझेल जात्याच महाग असतं असं नाही. २००४ च्या आधी इथे वर्षाचा बराच काळ डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त मिळायचं, फक्त कडाक्याच्या थंडीत वर जायचं. महाग झालं ते सरकारी निर्णयांमुळे. पहिला, केंद्राचा कर: पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट, डिझेलवर २४.४. दुसरा, २००६ पासूनचा गंधक काढण्याचा नियम. तिसरा, इथलं डिझेल बाहेर विकायला असलेली मोकळीक. दिवसाला १० लाख पिंपांहून जास्त डिझेल परदेशी जातं आणि इथला ट्रकवाला पंपावर उभा राहून आकडे बघतो.

डिझेल ही चैन नाही. टोमॅटो असो, औषध असो, शाळेची बस असो, सगळं त्यावर चालतं. मालवाहतुकीच्या डिझेलवरचा जादा कर काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण सांगावं.

भट्टीवाला (ह्यूस्टन परिसर)

एकट्रकदादा, २०२२ चा त्रास खरा आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवलंय. तुमच्याच आकड्यांनी बघा. केंद्राच्या करातला फरक ६ सेंट, तुमचे ६६ गॅलन. फेरीला चार डॉलर सुद्धा होत नाहीत. न्यू जर्सीत राज्याचा करही डिझेलवर ७ सेंटांनी जास्त आहे, तो धरला तरी साडेआठ. पेनसिल्व्हेनियात टाकी भरलीत तर तिथला फरक १६-१७ सेंटांचा आहे, म्हणून बहुधा तुम्ही घरूनच भरून निघत असाल. पण १०० डॉलरमधले उरलेले ९० कुठून आले?

ते पिंपातून आले. मी बावीस वर्षं रिफायनरीत काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कच्च्या तेलाचं पिंप ४२ गॅलनचं. प्रक्रियेत तेल फुगतं, त्यामुळे बाहेर पडताना साधारण ४५ गॅलन माल निघतो. त्यात १९-२० गॅलन पेट्रोल, ११ ते १३ गॅलन डिझेल आणि घर तापवायचं तेल, बाकी विमानाचं इंधन, डांबर वगैरे. हे प्रमाण थोडं इकडेतिकडे करता येतं, पण फार नाही. दही घुसळताना फक्त लोणी हवं, ताक नको, असं म्हणून चालत नाही, तसंच हे. त्यातून अमेरिकेतल्या रिफायनऱ्या बांधल्याच गेल्या पेट्रोलसाठी. जड तेल फोडून त्याचं पेट्रोल करणारे मोठे क्रॅकर इथे आहेत, कारण इथली घराघरातली गाडी पेट्रोलची. युरोपने उलटं केलं, गाड्या डिझेलवर नेल्या. मग वर्षानुवर्षं युरोपचं उरलेलं पेट्रोल न्यूयॉर्कच्या बंदरात यायचं आणि आमच्या किनाऱ्यावरून डिझेल तिकडे जायचं. दादा, निर्यात बंद केलीत तर कारखानदार कच्चं तेलच कमी घेईल, आणि मग पेट्रोलही कमी निघेल.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. पंपावरच्या १० गॅलन पेट्रोलमध्ये जवळपास १ गॅलन मक्याचं इथेनॉल असतं. पेट्रोलला शेतातून भर मिळाली, डिझेलला तेवढी नाही. शिवाय शेल खडकातलं नवं कच्चं तेल हलकं असतं. त्यातून पेट्रोलच्या अंगाचा माल जास्त निघतो, डिझेलच्या अंगाचा कमी.

२०२२ मध्ये रशियन डिझेल बाजारातून बाजूला होऊ लागलं. ऑक्टोबरात इथला डिझेल आणि घरगुती तेलाचा साठा जेमतेम २५ दिवसांचा उरला होता. पेट्रोल महागलं की माणूस सहल रद्द करतो. डिझेल महागलं म्हणून तुम्ही पिट्सबर्गची फेरी रद्द केलीत का? नाही. सगळ्यांनी तेच केलं, म्हणून भाव वर राहिला.

हिशोबनीस (शिकागो)

भट्टीवाले, माहिती उत्तम, पण तुम्ही मालकाच्या बाजूने बोलताय. कच्च्या तेलाचा भाव आणि डिझेलचा भाव यांतलं अंतर त्या वर्षी किती वाढलं होतं ते सांगा ना. ते अंतर म्हणजे रिफायनरीची कमाई. २०२२ मध्ये या कंपन्यांनी कधी नव्हे इतका नफा मिळवला हे त्यांच्याच ताळेबंदात आहे. टंचाई होती हे मान्य, पण टंचाईत भाव किती चढवायचा हा निर्णय माणसंच घेतात. नव्या भट्ट्या कुणी बांधत नाही, जुन्या बंद करतात, कारण माल कमी असण्यातच फायदा आहे.

भट्टीवाला

नफा झाला, नाकारत नाही. पण २०२० साल विसरू नका. रस्ते ओस पडले, विमानं जमिनीवर होती, आम्ही तोट्यात माल काढत होतो. २०२० च्या सुरुवातीला देशाची क्षमता दिवसाला जवळपास १ कोटी ९० लाख पिंपं होती, दोन वर्षांत ती १ कोटी ७९ लाखांवर आली. त्याच्या आधी २०१९ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियातला ३,३५,००० पिंपांचा कारखाना आग लागून कायमचा बंद पडला. एकट्रकदादांच्या दारातलाच कारखाना होता तो. आज कुणाला विचारा, नवी रिफायनरी बांधायला पैसे घालणार का? तीस वर्षांनी डिझेल लागणार की नाही हेच ठाऊक नसताना कोण घालेल?

माझ्या ओळखीची माणसं त्या दोन वर्षांत घरी बसली. त्यामुळे कंपन्यांनी मुद्दाम टंचाई केली हे मला सहज मान्य होत नाही.

श्वास (लाँग बीच)

एकट्रक यांनी गंधकाचा नियम ओझ्यांच्या यादीत घातला, म्हणून लिहिते आहे. मी श्वसनविकारांच्या विभागात काम करते. आमच्या बंदरातून ७१० महामार्गावर ट्रकांची रांग रात्रंदिवस चालू असते आणि त्या रस्त्याला लागून घरं आहेत, शाळा आहेत. संध्याकाळी दम्याचा पंप घेऊन येणारी मुलं मी रोज बघते.

नियम काय होता ते नीट सांगायला हवं. आधी डिझेलमध्ये दहा लाखात ५०० भाग गंधक चालायचं, २००६ पासून १५ भाग. गंधक काढणं एवढाच त्याचा हेतू नव्हता. गंधक असेल तर धूर गाळणारी नवी यंत्रणा ट्रकला बसवताच येत नाही, ती खराब होते. इंधन आधी स्वच्छ झालं म्हणून २००७ पासूनच्या ट्रकांना काजळीची गाळणी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा आहे असं जाहीर केलं. हे मी घाबरवायला लिहीत नाही. गॅलनमागे काही सेंट जास्त गेले आणि त्यात एका वस्तीची हवा सुधारली, तर ते सेंट वाया गेले असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

एकट्रक

श्वासताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. गंधकाचा नियम रद्द करा असं मी म्हणत नाही, आणि यादीत तो करासोबत एका ओळीत लिहायला नको होता. माझ्या ट्रकलाही ती गाळणी आहे. ती तुंबली की ट्रक दोन दिवस उभा राहतो, दुरुस्तीचं बिल हजारात जातं, पण ते वेगळं.

कराचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. चार डॉलर थोडे म्हणता, पण ते दर फेरीला जातात.

भट्टीवाला

गंधक काढायला काय लागतं तेही नोंदवतो. डिझेलमध्ये प्रचंड दाबाखाली हायड्रोजन सोडावा लागतो, तो गंधकाला धरून बाहेर येतो. तो हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून करतात. म्हणजे वायू महागला की डिझेलही महागतं. युरोपात २०२२ मध्ये नेमकं तेच झालं.

आणि कराबद्दल एक गणित. एका गॅलन डिझेलमध्ये इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपेक्षा सुमारे १४ टक्के जास्त ऊर्जा असते, कारण ते दाट असतं. १८.४ ला १४ टक्के जोडा, २१ होतात. म्हणजे ६ मधले अडीच सेंट तर ऊर्जेच्या हिशोबाने बरोबरीचेच आहेत. खरा जादा भार साडेतीन सेंट.

वाटसरू (कोलंबस, ओहायो)

ते साडेतीन सेंटही अपुरे आहेत. मी रस्त्यांच्या बांधणीत आहे.

१९५८ ते १९६० या काळात इलिनॉयमधल्या ओटावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर सैनिकांकडून ट्रक फिरवले गेले, रस्ता कधी आणि कसा मोडतो ते बघायला. त्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरतात: रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. मोटारीच्या ॲक्सलवर २,००० पौंड धरा, ट्रकच्या १८,०००. वजन ९ पट. झीज ९ गुणिले ९ गुणिले ९ गुणिले ९, म्हणजे साडेसहा हजार पट. पेट्रोलवाला माणूस तुमच्या ट्रकचा रस्ता दुरुस्त करतोय, दादा, उलटं नाही.

आणि हे ६ सेंट आले कुठून तेही बघा. १९८२ च्या कायद्याने जड ट्रकांवरचा वार्षिक वापर कर हळूहळू १,९०० डॉलरपर्यंत न्यायचं ठरलं होतं. १९८३ च्या सुरुवातीला स्वतंत्र ट्रकवाल्यांनी संप केला. १९८४ मध्ये तडजोड झाली: वार्षिक कर कमाल ५५० डॉलर, आणि त्या बदल्यात डिझेलवर गॅलनला ६ सेंट जास्त. ट्रकवाल्यांची सोय म्हणून आलेला कर आज ट्रकवालेच अन्याय म्हणतात.

एकट्रक

वाटसरू, हे मला ठाऊक नव्हतं. पण तुम्हीच दिलेल्या माहितीने माझी बाजू पक्की होते. तो वार्षिक कर ५५,००० पौंडांच्या वरच्या ट्रकांना आहे. माझा २६,००० चा. मला १,९०० ही कधी लागणार नव्हते आणि ५५० ही लागत नाहीत. म्हणजे १९८४ च्या तडजोडीत मोठ्यांना सूट मिळाली आणि त्या सुटीची भरपाई माझ्यासारखे छोटे गॅलनमागे ६ सेंट देऊन करतात. ट्रकवाले म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

वाटसरू

हा मुद्दा बरोबर आहे. मी सगळ्यांना एकत्र मोजलं.

पण पूर्ण सोडत नाही. तुमचा ट्रक तांदळाने भरला की मागच्या एकाच ॲक्सलवर १७,००० पौंडांच्या आसपास येतात. ८०,००० पौंडांच्या अठराचाकीच्या मागच्या प्रत्येक ॲक्सलवरही साधारण तेवढेच. त्याच्याकडे असे चार, तुमच्याकडे एक. रस्त्याला तुमचं वजन जाणवतं. रिकामे परत येता तेव्हा मात्र जवळपास काहीच नाही, आणि कर तेवढाच जातो. न्याय्य पद्धत ओरेगॉनची. तिथे २६,००० पौंडांच्या वरच्या ट्रकांना वजन आणि मैल यांवर कर आहे आणि राज्याचा डिझेल कर त्यांना पंपावर द्यावा लागत नाही. केंद्रानेही तसंच करावं.

मळेवाला (निफाड, नाशिक)

तुमचा वाद वाचून आमच्याकडचं सांगावंसं वाटलं, कारण आमच्याकडे गंगा उलटी वाहते. द्राक्षं काढायची, शीतगृहाच्या कंटेनरमधून न्हावाशेव्याला पाठवायची, सगळं डिझेलवर. इथे डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त असतं आणि लोकांना वाटतं ते बनवायलाच स्वस्त आहे. तसं नाही. रिफायनरीच्या दारातला भाव बघितला तर अनेकदा डिझेल पेट्रोलच्या बरोबरीचं किंवा जरा वरच असतं. स्वस्त दिसतं ते कमी करामुळे. २०२४ च्या जुलैपासून मुंबई-ठाणे पट्ट्यातसुद्धा व्हॅट पेट्रोलवर २५ टक्के आणि डिझेलवर २१.

हे करामुळेच आहे याचा पुरावा २०२० मध्ये दिल्लीने दिला. मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले, दिल्लीने डिझेलवरचा व्हॅट ३० टक्क्यांवर नेला. २४ जूनला तिथे डिझेल पेट्रोलच्या वर गेलं. जुलैअखेर दिल्लीने व्हॅट खाली आणला आणि एका दिवसात ८ रुपये ३६ पैसे उतरले. तेल तेच, पंप तोच.

पण एकट्रकदादा, डिझेल स्वस्त करा म्हणताना जरा थांबा. २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे डिझेलचा भाव सरकार धरून ठेवायचं, शेतकऱ्याच्या नावाने. पेट्रोल २०१० मध्येच मोकळं केलं होतं, त्यामुळे अंतर वाढत गेलं. झालं काय, देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून जास्त डिझेलच्या झाल्या. माझ्या शेतातल्या पंपाच्या नावाने दिलेली सवलत मोठ्या बंगल्यापुढच्या मोठ्या गाडीत गेली. मला त्याचा आजही राग आहे. सवलत इंधनाला दिली की ती ज्याची टाकी मोठी त्याच्याकडे वाहत जाते.

एकट्रक

मळेवाले, इथे शेतकऱ्याचं डिझेल लाल रंगाचं असतं. रस्त्यावरचा कर त्यावर नसतो, आणि रस्त्यावरच्या ट्रकमध्ये लाल डिझेल सापडलं तर जबर दंड. म्हणजे वेगळं काढता येतं. पण तुमचं शेवटचं वाक्य पटलं. इंधनावरचा कर सगळ्यांना सरसकट माफ केला तर सगळ्यात जास्त फायदा हजार ट्रकवाल्या कंपनीला.

वूस्टर (मॅसॅच्युसेट्स)

तुमच्या ट्रकांच्या बोलण्यात आमचं तळघर राहिलं. आमच्या घरात २७५ गॅलनची टाकी आहे आणि थंडीत बॉयलर तेलावर चालतो. ईशान्येकडे अशी लाखो जुनी घरं आहेत. ते तेल म्हणजे जवळजवळ डिझेलच, फक्त रस्त्याचा कर नाही. २०२२ च्या हिवाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि आम्ही ६२ अंश फॅरनहाइटवर (सेल्सियसमध्ये साधारण १७) घर ठेवून स्वेटर घालून बसायचो. त्यांना कारण सांगायची मला लाज वाटत होती. मी एकही मैल ट्रक चालवत नाही, तरी तुमच्याच रांगेत उभी आहे. कर काढून आम्हाला काही मिळणार नाही, कारण आम्ही तो भरतच नाही. आम्हाला साठा हवा. सरकारने २००० पासून ईशान्येसाठी घरगुती तेलाचा राखीव साठा ठेवला आहे, पण तो आता १० लाख पिंपांचा. एवढ्या घरांना तो किती दिवस पुरणार? मोठा साठा उन्हाळ्यात भरून ठेवा, एवढीच माझी मागणी.

भट्टीवाला

ताई, हे मला सगळ्यात जास्त पटतं. उन्हाळ्यात लोक गाडीने फिरतात, तेव्हा पेट्रोलची ओढ. थंडीत तुमच्या बॉयलरची. मधल्या काळात भरलेली टाकी हाच उपाय. कंपनी स्वतःहून मोठा साठा ठेवत नाही, त्यात पैसा अडकतो. हिशोबनीस, इथे तुमचं म्हणणं मान्य करतो. साठा कमी ठेवणं हा निर्णयच असतो.

लांबपल्ला (फ्रेस्नो, कॅलिफोर्निया)

एकट्रकदादा, मी अठराचाकी चालवतो, चौदा वर्षं झाली. सगळ्यांचं वाचलं. २०२२ मध्ये तुम्ही बुडालात ते कराने नाही आणि रिफायनरीनेही नाही. मोठ्या कंपन्या करारातच इंधन अधिभार लिहून घेतात. ऊर्जा खातं दर आठवड्याला सोमवारचा डिझेलचा सरासरी भाव जाहीर करतं, त्याला हा अधिभार बांधलेला असतो. भाव चढला की ज्याचा माल आहे तो भरतो. त्यांनी ते वर्ष आरामात काढलं. तुमच्यासारखे ओळखीवर माल नेणारे गप्प बसले आणि सगळं अंगावर घेतलं. मीही पहिली सहा वर्षं तेच केलं. आपल्या लोकांशी पैशाचं बोलायला जीभ अडखळते.

एकट्रक

लांबपल्ला, हे वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो. दुकानदार सगळे ओळखीचे, दोघांच्या मुलांच्या मुंजीला गेलोय.

रात्री कागद घेऊन बसलो. गॅलनला १० सेंट वाढले तर ६६ गॅलनला ६ डॉलर ६० सेंट. ११ दुकानांत वाटले तर प्रत्येकी ६० सेंट. हे मी दोन वर्षं मागू शकलो नाही. आता असं लिहून देणार आहे: सोमवारचा भाव ३ डॉलर ५० सेंटांच्या वर गेला, तर दर १० सेंटांना प्रत्येक दुकानाने फेरीमागे ६० सेंट द्यावेत. कर आणि ओरेगॉनचं मी माझ्या खासदाराला वेगळं लिहितो. वाटसरू, तुमचा चौथ्या घाताचा हिशोब त्यात घालू का?

वाटसरू

घाला. रिकाम्या परतीचाही घाला.

हिशोबनीस

एक सुधारणा. भाव ३.५० च्या खाली आला तर त्याच हिशोबाने दुकानदाराला परत द्यायचं, हेही त्याच कागदावर लिहा.

एकट्रक

लिहिलं.